परदेशात सामना बघायला जाताना पासपोर्ट जवळ ठेवावा का?

पहिल्यांदाच चाललोय. तिकीट फोनमध्ये आहे. पासपोर्टचं काय करू?

फिरस्ता: काही देशांत मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं सक्तीचं असतं, ते आधी बघा. नसेल तर हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, झेरॉक्स खिशात. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग दूतावास. तक्रारीच्या प्रतीशिवाय विम्याचा दावा सहसा अडकतो.

कट्टेकरी: पासपोर्टपेक्षा फोन सांभाळा! गर्दीत नेटवर्क कोलमडतं, म्हणून तिकीट हॉटेलवरच फोनच्या वॉलेट ॲपमध्ये उतरवून घ्या. स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच तिकिटांचा बारकोड सतत बदलतो. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच, १०० वॅट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

बाराखडी: आणि गर्दी दाटली तर हात छातीपुढे धरून तिरकं कडेला सरका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, फोन असला तरी.