मदत हवी आहे: सकाळी सहाला कोणता राग लावावा?

मंडळी, नाशिकमधल्या आमच्या छोट्या कम्युनिटी रेडिओचं प्रसारण सकाळी ६ ला सुरू होतं. पहिली दहा मिनिटं शास्त्रीय लावायचंय. भैरव सगळेच सुचवतात. पण जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. मग हिवाळ्यात सूर्योदयाआधीचा ललत आणि उन्हाळ्यात सूर्योदयाच्या वेळचा भैरव, असं चालेल का?

खरी अडचण वेळेची. विलंबित (संथ लयीतला) ख्याल जरा कुठे रंगात येतो, तोवर आवाज खाली घ्यावा लागतो. जिवावर येतं हो! जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करतात, पण रिक्षातल्या स्पीकरवर नुसती खरखरच ऐकू येते. सनई नको, लग्नाचा हॉल वाटतो.

सकाळच्या रागांतल्या छोट्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणाच्या बंदिशी सुचवाल का? सरोद, बासरीही चालेल.