जेवण वाईतच, पाचगणीत नको

जुन्या येझदी-जावा मोटारसायकलींच्या पुणे-पाचगणी राइडला 'पसरणी घाट चढून वर पाचगणीतच जेवू' असं सुचवलं गेलंय. माझं मत वेगळं आहे: जेवण वाईतच ठेवा. खंबाटकी घाट चढून आलेली जुनी टू-स्ट्रोक येझदी लगेच पसरणीला लावायची म्हणजे इंजिनावर अन्याय आहे. वाईत तासभर गाडी सावलीत उभी राहिली की सिलिंडर निवतो, तोवर आपलं पिठलं-भाकरी होतं. निवांत स्पार्क प्लग काढून बघता येतो. काजळी असेल तर पुसून घ्या, पांढराफटक दिसला तर पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त होतेय. तशा गाडीने पसरणी चढू नका.

उतरताना तर जास्त जपा. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमधूनच आत जातं. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) बंद करून गिअरवर गाडी उतरवली की इंजिन जोरात फिरतं, पण वंगण मिळत नाही. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. माझ्या १९८४च्या येझदी रोडकिंगचा पिस्टन असाच उतारावर जाम झाला होता, म्हणून कळवळून सांगतोय.

एक लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल मी घालतो. मापाची बाटली प्रत्येकाने जवळ ठेवावी, पंपावर अंदाजपंचे ओतू नये.

आणि परतीला चारच्या आत निघा. ६ व्होल्टच्या जावा असतील त्यांच्या दिव्यात अंधारात हायवेवरचा खड्डा दिसत नाही. त्या गाड्या मध्ये घ्या, पुढे-मागे चांगल्या दिव्यांच्या ठेवा. मी मागे राहीन, क्लच केबल आणि दोन प्लग जास्तीचे आणतो.