शब्दचर्चा : नव्या अल्बमचे परीक्षण, समीक्षा की नुसती पोच?

रत्नागिरीकर :

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रकाशित झाला, तेव्हापासून आमच्या परिचयातील काही रॉकप्रेमी त्यावरील इंग्रजी वृत्तपत्रांतला व संगीत-मासिकांतला मजकूर जमवून त्याचे मराठी सार एकमेकांना धाडत आले आहेत. आता हे सर्व सार एका वहीत नीट उतरवून काढायचे ठरले असून, गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मंडळींनी आपापल्या परीने लिहिलेले कागद शेजारी-शेजारी ठेवताच शब्दांचा घोळ लक्षात आला. ज्या लेखाला एकाने ‘समीक्षा’ म्हटले आहे, त्यालाच दुसऱ्याने ‘परीक्षण’, तिसऱ्याने ‘प्रतिक्रिया’ आणि चौथ्याने चक्क ‘प्रतिसाद’ म्हटले आहे. उरलेल्यांनी कंटाळून ‘रिव्ह्यू’ हाच शब्द ठेवला आहे. ‘रिव्ह्यू’ला माझा तत्त्वतः विरोध नाही, परंतु त्या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात, असा माझा संशय आहे.

याखेरीज काही वाक्प्रयोगांविषयीही मतभेद आहेत. ‘बँडला पुन्हा सूर गवसला’, ‘अल्बमला संमिश्र प्रतिसाद’ आणि ‘गुळगुळीत ध्वनिमुद्रण’ हे तीन प्रयोग वहीत पुन्हा पुन्हा आले आहेत. ते ठेवावेत का, आणि ठेवले तर कोणत्या अर्थाने, याविषयी जाणकारांनी लिहावे. अल्बमच्या नावाचा मराठी अर्थ द्यावा की नाही, हाही प्रश्न आहेच.

देवगडकर :

आपला संशय रास्त आहे. शब्द निवडण्याआधी त्या पत्रकाराने प्रत्यक्षात काय केले आहे हे पाहावे लागते, आणि ते पाहिले की मराठीत शब्दांची वाण नाही असे दिसते.

सर्वांत खालची पायरी म्हणजे ‘पोच’. आपल्या नियतकालिकांत ‘साभार पोच’ या मथळ्याखाली आलेल्या पुस्तकांची नावे छापली जात; त्यात मत नसे, पुस्तक हाती आले एवढीच नोंद असे. ‘हॅकनी डायमंड्स’ची घोषणा ६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व लंडनमधील हॅकनी एम्पायर या नाट्यगृहात झाली आणि तेथे जिमी फॅलन या अमेरिकी सूत्रसंचालकाने बँडच्या तिघांशी संवाद साधला. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी जगभर जे छापून आले, त्यातील बहुतेक मजकूर पोच या सदरात मोडतो, कारण तोपर्यंत अल्बममधील एकच गाणे लोकांपुढे आले होते. अशा मजकुराला वहीत ‘समीक्षा’ म्हटलेले पाहून मला गंमत वाटली. न ऐकलेल्या गाण्यांची समीक्षा कशी व्हावी?

दुसरी पायरी ‘प्रतिक्रिया’. हा शब्द तात्कालिक आहे. अल्बम प्रकाशित होण्याच्या सुमारास पहिल्या ऐकण्यातच जे वाटले ते लिहून टाकणे, गाण्यागणिक दोन-दोन ओळींचे टिपण देणे, हे प्रतिक्रियेचे काम होय. तीत चूक असण्याची मुभा गृहीत धरलेली असते.

‘परीक्षण’ या शब्दात परीक्षा आहे, म्हणून तेथे निकाल हवा. नाटकाचे, चित्रपटाचे व पुस्तकाचे परीक्षण आपण वृत्तपत्रांत वाचतो, आणि ते वाचून तिकीट काढायचे किंवा पुस्तक विकत घ्यायचे की नाही हे ठरवतो. पाचपैकी चार तारे, दहापैकी साडेसात गुण असे जेथे शेवटी लिहिलेले आहे, तेथे डोळे मिटून ‘परीक्षण’ म्हणावे. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाव हे अल्बमना शाळेतल्यासारख्या अक्षरश्रेणी देत आले आहेत, आणि ‘केरँग’ हे ब्रिटिश नियतकालिक ताऱ्यांऐवजी आपल्या नावातले आद्याक्षर मोजून देत असे. पण रूप निराळे असले तरी व्यवहार परीक्षणाचाच आहे.

‘समीक्षा’ मात्र मी जपून वापरीन. १९६२ मध्ये सुरू झालेल्या बँडने २००५ नंतर प्रथमच आपल्या नव्या रचनांचा अल्बम काढला, मधल्या काळात २०१६ मध्ये ‘ब्लूज’ या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातील जुन्या गीतांचा संग्रह दिला, २०२१ मध्ये ड्रमवादक चार्ली वॉट्स यांचे निधन झाले आणि तरीही या अल्बममधील दोन गाण्यांत त्यांचे वादन ऐकू येते. हे सारे ध्यानात घेऊन, या गाण्यांचे स्थान त्या बँडच्या एकूण कामात कोठे आहे हे जो लेख सांगतो, ती समीक्षा. असे लेख आपल्या वहीत मोजकेच असणार.

‘टीका’ हा शब्द मुळात याच कामाचा होता. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो, त्यात दोष दाखवण्याचा भाग नाही. परंतु आजच्या वाचकाला ‘अल्बमवर टीका’ असे वाचून अल्बम झोडपला गेला असेच वाटेल, म्हणून तो प्रतिकूल मजकुरापुरता राखून ठेवणेच बरे.

राहिला ‘प्रतिसाद’. तो श्रोत्यांचा असतो, छापणाऱ्यांचा नव्हे. हा अल्बम ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, हा प्रतिसाद झाला. वृत्तपत्रांनी काय म्हटले ते निराळ्या रकान्यात असावे. जाता जाता एवढे सांगतो की, आमच्या तालुक्यातील पोंभुर्ले या गावी जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी व इंग्रजी मजकुराचे रकाने शेजारी-शेजारी असत. आपल्या वहीतही मूळ इंग्रजी वाक्य देवनागरीत, आणि त्याशेजारी त्याचे मराठी, अशी मांडणी ठेवली तर कोणाचे काय सुटले हे तिथल्या तिथे दिसेल.

मालवणकर :

देवगडकरांनी पोच हा शब्द सुचवला तो उत्तम आहे, परंतु त्याच्या शेजारी आणखी एक प्रकार हवा. मी जमवलेल्या कात्रणांपैकी पुष्कळ लेखांचा पहिला परिच्छेद जवळजवळ एकच आहे. अठरा वर्षांनंतर नव्या रचनांचा अल्बम, पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर व लेडी गागा यांचा सहभाग, अँड्र्यू वॉट हे तरुण निर्माते, जुने बासवादक बिल वायमन एका गाण्यापुरते परतले. क्रमसुद्धा बदललेला नाही. ही माहिती खरी आहे, पण ती ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून आलेली असणार हे उघड आहे. मुख्य गायकाने चरण म्हणायचा आणि मागच्यांनी तोच उचलून धरायचा, याला शाहिरीत व गोंधळात ‘झील ओढणे’ म्हणतात, आणि व्यवहारातही दुसऱ्याच्या होला हो मिळवणाऱ्याला आपण हेच म्हणतो. अशा लेखांसाठी वहीत ‘झील’ असा स्वतंत्र विभाग करावा, अशी माझी सूचना आहे.

यात हेटाळणी नाही. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीच्या भजनाला जे लोक रात्रभर बसतात, त्यांना मागच्या मंडळींची साथ किती मोलाची असते हे ठाऊक आहे. परंतु दोन बुवांपैकी कोणाची बारी सरस झाली हे विचारायचे असेल, तर ते साथीदारांना कोणी विचारत नाही. रॉकच्या पत्रकारितेतही साथ करणारा कोण आणि ऐकून मत देणारा कोण, हे वाचकाला कळले पाहिजे; आणि चाहते म्हणून आपण स्वतःच इतके आतुर असतो, की साथीलाच निकाल समजून बसतो.

चिपळूणकर :

(माझ्या गावाच्या नावामुळे निबंधमालेचा वारसा माझ्याकडे येतो, असा कोणी समज करून घेऊ नये.) मी केवळ ‘संमिश्र’ या शब्दापुरते लिहितो.

‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ निरनिराळ्या प्रकाशनांच्या परीक्षणांना शंभरपैकी गुण देऊन त्यांची सरासरी काढते, आणि त्या सरासरीत काही प्रकाशनांना इतरांपेक्षा अधिक वजन असते. अल्बमची सरासरी ६१ ते ८० च्या दरम्यान आली तर मते सर्वसाधारणपणे अनुकूल, ८१ किंवा त्याहून वर गेली तर सर्वत्र वाखाणणी, आणि ४० ते ६० मध्ये राहिली तर ‘संमिश्र किंवा मध्यम’ असा शेरा तेथे पडतो. त्या शेऱ्यातील ‘किंवा’ आपली मंडळी सार काढताना गाळतात, आणि तेथेच अर्थ बिघडतो. दहा परीक्षकांनी प्रत्येकी पन्नास गुण दिले, तर सरासरी पन्नास. पाच जणांनी नव्वद आणि पाच जणांनी दहा दिले, तरीही पन्नासच. दुसऱ्या ठिकाणी मते खरोखर संमिश्र आहेत, कारण काहींनी अल्बम डोक्यावर घेतला आहे आणि काहींनी त्याचा खरपूस समाचार घेतला आहे. पहिल्या ठिकाणी मतभेदच नाही; सर्वांनी एकमुखाने गुळमुळीत लिहिले आहे. त्याला ‘मध्यम’ म्हणावे, किंवा गुण देऊनही मन मोकळे केले नसेल तर ‘हातचे राखून केलेले कौतुक’ म्हणावे. ‘संमिश्र’ हा शब्द परीक्षकांमध्ये फाटाफूट असेल तेव्हाच लावावा, एकाच परीक्षकाचे मन द्विधा असेल तेव्हा नव्हे.

देवगडकरांच्या ‘परीक्षण’ व ‘समीक्षा’ या भेदाला मी एक उदाहरण जोडतो. लेड झेपेलिन या बँडचा पहिला अल्बम १९६९ मध्ये आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने (बँडशी केवळ नामसाधर्म्य) त्याची चांगलीच हजेरी घेतली होती. त्याच मासिकाने २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ अल्बमची यादी छापली, तीत हाच अल्बम २९ व्या स्थानी होता. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे लेख केव्हा छापला गेला ती तारीख असावी, असा माझा आग्रह आहे. ऑक्टोबर २०२३ मधील परीक्षण आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचे ‘ग्रॅमी’ हे अमेरिकी संगीत-पारितोषिक मिळाल्यानंतर लिहिलेला लेख यांचे वजन एकाच तागडीत करता येणार नाही.

वेंगुर्लेकर :

‘सूर गवसला’ हा प्रयोग मला मनापासून आवडतो, आणि तरीही मी तो काढून टाकण्याच्या बाजूचा आहे. क्रिकेटच्या वार्ताहरांनी तो इतका वापरला आहे, की फलंदाजाने बऱ्याच डावांनंतर अर्धशतक केले की दुसऱ्या दिवशीचा मथळा आपल्याला न वाचताच कळतो. संगीताच्या संदर्भात तो मुळातला आहे हे खरे, परंतु ‘पुन्हा गवसला’ म्हणताना आधी हरवला होता असे आपण सुचवतो. स्टोन्सचा २०१६ चा ब्लूज संग्रह वाखाणला गेला होता आणि त्यालाही ग्रॅमी मिळाले होते. तेव्हा हरवले काय होते? नव्या रचना थांबल्या होत्या, सूर नव्हे. परीक्षकाने तसे म्हटलेच असेल तर ते त्याच्या नावावर टाकून, अवतरणचिन्हांत लिहावे. स्टोन्सच्या बाबतीत तर ही खबरदारी दुप्पट हवी, कारण त्यांचा नवा अल्बम आला की ‘१९७८ नंतरचा सर्वोत्तम’ किंवा ‘१९८१ नंतरचा सर्वोत्तम’ असे लिहिण्याची एक जुनी खोड इंग्रजी पत्रकारांना आहे आणि त्यावर त्यांच्यातलेच लोक विनोद करतात.

‘गुळगुळीत’ मात्र ठेवावा. या अल्बमविषयी जी प्रतिकूल मते आली, त्यांचा रोख प्रामुख्याने ध्वनीवर होता: आवाज अति घासूनपुसून काढला आहे, बँडचा जुना खडबडीतपणा गेला आहे, असे त्यांचे म्हणणे. कोणीतरी त्यासाठी ‘घोटीव’ लिहिले आहे. ते चालणार नाही, कारण घोटीव आवाज ही आपल्याकडे प्रशंसा आहे आणि तीत रियाज अभिप्रेत आहे. ‘चकचकीत’ नजरेचा शब्द आहे. ‘गुळगुळीत’ मध्ये हात घसरतो, धरायला काही मिळत नाही, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

अल्बमच्या नावाविषयी. पूर्व लंडनच्या बोलीत गाडीची काच फुटल्यावर रस्त्यावर जे तुकडे पडतात त्यांना ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात, असे बँडचे गायक मिक जॅगर यांनी घोषणेच्या वेळी सांगितले होते. ही वक्रोक्ती आपल्याला परकी नाही. पोलिसांनी ‘प्रसाद’ दिला असे आपण म्हणतोच. नाव विशेषनाम म्हणून जसेच्या तसे ठेवावे आणि पहिल्या नोंदीत एकदाच हा अर्थ सांगावा. प्रत्येक ठिकाणी ‘हिरे’ लिहिले, तर न ऐकलेल्या वाचकाला ही रत्नांविषयीची गाणी वाटतील.

गुहागरकर :

एक छोटी शंका. वहीत निम्म्या ठिकाणी ‘रोलिंग स्टोन्सने अल्बम काढला’ आहे आणि निम्म्या ठिकाणी ‘रोलिंग स्टोन्सनी’. कोणते शुद्ध?

देवगडकर :

दोन्हींना आधार आहे. ‘बँड’ हे कर्तृपद असेल तर तो समूहवाचक एकवचनी शब्द असल्याने ‘बँडने काढला’ हेच योग्य. परंतु ‘स्टोन्स’ हे नाव त्या माणसांना उद्देशून वापरले आहे, इंग्रजांच्या वृत्तपत्रांतही ते अनेकवचनी क्रियापदासह येते, आणि आपणही ‘वारकऱ्यांनी’ म्हणतो, तेव्हा ‘स्टोन्सनी’ मला अधिक स्वाभाविक वाटते. मेटॅलिकासारखे एकवचनी नाव आले की मात्र ‘मेटॅलिकाने’ असेच लिहावे. तेथे ‘मेटॅलिकांनी’ केले तर एखाद्या आदरणीय बाईंचे नाव आहे की काय असे वाटू लागेल.

रत्नागिरीकर :

‘स्टोन्सनी’ करून घेतो. झील हा विभागही उघडतो; मात्र मालवणकरांनी पाठवलेल्या कात्रणांतली कोणती तेथे टाकायची आणि कोणती पोचमध्ये, हे त्यांनीच खुणा करून कळवावे, म्हणजे नंतर वाद नको.