मदत हवी आहे : मातीत खेळणाऱ्या मुलींना मॅटवर खो-खो कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका छोट्या हायस्कूलमध्ये शिकवतो. आमचा १७ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ यंदा तालुक्यातून पुढे गेलाय. जिल्ह्याचे सामने मॅटवर आहेत.

आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसात चिखल पायाला चिकटतो, उघडीप मिळाली की भेगा. बाभळीचे खांब आम्हीच तासून रोवलेत, २७ बाय १६ मीटर फक्कीने आखतो. पोरी अनवाणीच खेळतात. परवा एका ठिकाणी तासभर मॅट मिळाली, तर आमची सगळ्यात चपळ पोरगी खांबाला वळसा घालताना दोनदा पडली. गुडघा धरून म्हणाली, "सर, पाय सरकस." मातीत ती अंगठा रोवून वळते. मॅटवर रोवायला काहीच नाही.

मॅटसाठी कुठल्या तळव्याचे बूट घ्यावेत? बूट घालून आधी मातीतच सराव घेतला तर चालेल का, की सवय बिघडेल? आणि धुळे-जळगावकडे कुणाकडे जुनी मॅट पंधरा दिवसांसाठी मिळेल का? न्यायला-आणायला छोटा हत्ती आम्ही करू.

वेळेचीही ओढाताण आहे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शेवटची गाडी साडेपाचला. सकाळी बोलवावं तर कापूस वेचणीमुळे घरचं सगळं त्यांच्यावरच. रोज जेमतेम पाऊण तास मिळतो. त्यात आधी काय घ्यावं, खांबावरचं वळण की सूर मारणं? मॅटवर संघ खेळवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.