मदत हवी आहे: स्कॅनची पानं आणि छापील पृष्ठक्रमांक जुळत नाहीत (मराठी विकिस्रोत)

नमस्कार मंडळी,

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका चरित्राचं मुद्रितशोधन आम्ही दोघं-तिघं मिळून विकिस्रोतावर (स्वयंसेवक स्कॅन केलेल्या पुस्तकांचा मजकूर तपासून ठेवतात ते मुक्त ग्रंथालय) करतोय. जुनी जोडाक्षरं, जुने अनुस्वार यांचा आता सराव झालाय. घोडं अडलंय ते पृष्ठक्रमांकांवर.

मुखपृष्ठ, कोरी पानं, शीर्षकपान, अर्पणपत्रिका यांत स्कॅनची पहिली सहा पानं जातात. ७ ते २४ प्रस्तावना, तिला छापील आकडे १ ते १८. मग दोन पानं अनुक्रमणिका, आकड्यांविना. स्कॅनच्या २७ व्या पानावर मुख्य मजकूर सुरू होतो आणि छापील आकडा पुन्हा १. फरक २६ चा, तो समजला. पण छापील ४८ नंतर चरित्रनायकाचं चित्र आहे, त्याची पाठ कोरी, दोन्हींवर आकडा नाही. त्यामुळे ४९ येतं स्कॅनच्या ७७ वर आणि फरक होतो २८.

खरी पंचाईत पुढे आहे. छापील ११२ (स्कॅन १४०) नंतर एकदम ११५. मधलं ११३–११४ स्कॅनमध्ये नाहीच. ११२ च्या शेवटी वाक्य अर्धवट तुटतं. फरक परत २६. आणि छापील १६०–१६१ ही समोरासमोरची पानं दोनदा स्कॅन झालीत, आधी स्कॅनच्या १८६–१८७ वर आणि लगेच १८८–१८९ वर. तिथून फरक पुन्हा २८.

शिवाय छापखान्यात पृष्ठक्रमांक १३१ च्या जागी १३९ खिळला गेलाय. आणि फाइलीत आधीपासून असलेला ओसीआर मजकूर (संगणकाने चित्रावरून वाचलेला) स्कॅनच्या १४१ पासून पुढे एका पानाने सरकलेला आहे: चित्र एका पानाचं, मजकूर मागच्या पानाचा.

माझी काळजी वेगळीच आहे. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी स्कॅनच्या १४० च्या पुढची बरीच पानं ओळीला ओळ लावून तपासली आहेत, ती पिवळी झालीत (एकदा तपासलेली), काही हिरवीही (दुसऱ्यानेही पडताळलेली). स्कॅन दुरुस्त करून नवी फाइल चढवली की हा सगळा मजकूर भलत्याच चित्रासमोर जाऊन बसेल ना? त्यांचं काम वाया जाऊ न देता हे कसं निस्तरायचं? आणि ११३–११४ न मिळाल्यास पुस्तक तसंच ठेवायचं का?

प्रतिसाद १

तुमची काळजी रास्त आहे. तपासलेला मजकूर स्कॅनच्या पानाच्या आकड्याला बांधलेला असतो, छापील आकड्याला नाही. म्हणून आधी फाइल, मग क्रमांक, मग शोधन, असाच क्रम धरा.

पण तुमचा हिशेब नीट मांडून पाहा, तुम्ही सुदैवी आहात. दोन पानं कमी आहेत आणि दोन जास्त आहेत. छापील ११२ च्या नंतर दोन पानं घाला (खरी मिळाली नसतील तर कोरी, 'पान उपलब्ध नाही' एवढं लिहून) आणि त्याच खेपेला दुबार आलेली १८८–१८९ काढा. मग स्कॅनच्या १९० पासून शेवटपर्यंत काहीही हलत नाही. हलतात फक्त १४१ ते १८७, दोन-दोन घरं पुढे. ही ४७ पानं शेवटाकडून हलवायची: आधी १८७ चं १८९, मग १८६ चं १८८, असं उलटं येत १४१ चं १४३. सुरुवातीकडून गेलात तर १४१ ला जायचंय तिथे १४३ आधीच बसलेलं असतं. दुबार पानं कोणी तयार केली असतील तर ती प्रचालकांकडून (विकिस्रोताच्या व्यवस्थापकांकडून) आधी वगळून घ्या. हलवण्याचं काम सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या कोणालाही सांगता येईल, पण आकडे तुम्हीच लिहून द्या.

पेजलिस्ट (स्कॅनच्या कोणत्या पानाला कोणता आकडा दाखवायचा ते सांगणारा टॅग) त्यानंतर अगदी सोपी होते: ७=१, २७=१, ७७=४९, बस. चित्राला 'चित्र' आणि त्याच्या पाठीला '–' असं नाव द्या. नाव दिलं तरी ते पान मोजणीत धरलं जातंच, म्हणून ७७=४९ हे स्पष्ट सांगावं लागतं. टॅगमध्ये आकडे इंग्रजी ठेवा. दिसायला देवनागरी हवे असतील तर पानांच्या त्या पट्ट्याला 'देवा' हा पर्याय लावा, म्हणजे देवनागरी या शब्दाची पहिली चार इंग्रजी अक्षरं. १३९ चा छापील दोष पानाच्या शीर्षभागात आहे तसा राहू द्या, पेजलिस्टमध्ये मात्र १३१ च येऊ दे. आणि प्रकरणं जोडताना (तपासलेली पानं सलग दाखवताना) 'पासून–पर्यंत' मध्ये स्कॅनचेच आकडे लागतात, तेही हलवल्यावर बदला.

सरकलेल्या ओसीआरच्या नादी लागू नका. पान उघडून प्रतिलेखनाचं बटण दाबा, ते समोरच्या चित्रावरूनच वाचतं.

प्रतिसाद २

बांधणीच्या बाजूने एक सांगते. ११२ ला १६ ने पूर्ण भाग जातो. पुस्तक सोळापानी फर्म्याचं (एका कागदाच्या घडीत सोळा पृष्ठं) असेल तर ११३–११४ हे आठव्या फर्म्याचं पहिलं पान, आणि त्याचं जोडपान १२७–१२८. दोन्ही एकाच कागदाचे भाग. शिवण तुटली की असंच बाहेरचं पान आधी गळतं. १२७–१२८ जागेवर आहे ना, ते बघा.

मूळ प्रतीत किती पानं होती हे पाहायला शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढा. १८०० ते १९३७ मधली पुस्तकं तिच्यात आहेत आणि पृष्ठसंख्याही मिळते. दुसऱ्या प्रतीसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) या दोन्हीकडे विचारा. पुस्तक मागू नका, नेमक्या दोन पानांचा फोटो मागा. तेवढ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. दोन कमी आणि दोन जास्त, हे डोळ्यांसमोर असून लक्षात आलं नव्हतं. १२७–१२८ आहे (स्कॅन १५३–१५४), पण शेजारच्या पानांपेक्षा चांगलंच तिरकं आलंय, म्हणजे तेही सुटंच असणार. ठाण्याला शनिवारी जातेय. तोवर ही फाइल उघडणाऱ्यांना विनंती: स्कॅनच्या १४० च्या पुढे कृपया नवं पान तयार करू नका.