उताराचा प्लॉट सपाट करण्याआधी
उताराच्या प्लॉटवर घर बांधायचं तर आधी सगळा प्लॉट सपाट करून घ्या आणि मग घराचा नकाशा काढा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. वरची माती कापून खालच्या बाजूला भराव टाकला की अर्धं घर मूळच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर येतं. भराव पुढे दबत जातो, आणि भिंतींना तडे जातात ते बहुधा या सांध्याशीच. पाया भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत नेला तर हे टळतं, पण तो खर्च मोठा असतो.

त्यापेक्षा उतारच नकाशात घ्या. १० मीटरला १ मीटर उतार म्हणजे १५ सेंमीच्या जेमतेम सात पायऱ्या. दोन पातळ्यांत घर छान बसतं. फक्त वडीलधाऱ्यांची खोली, स्वयंपाकघर आणि एक संडास-बाथरूम प्रवेशाच्याच पातळीवर हवं, यात तडजोड करू नका. सांडपाण्याचा मुद्दाही विसरू नका. ड्रेनेजची मुख्य लाइन वरच्या रस्त्याला असेल, तर खालच्या पातळीवरच्या संडासाचं पाणी आपसूक तिथे जाणार नाही, पंप बसवावा लागेल आणि वीज गेली की तो बंद. म्हणून त्या लाइनची पातळी मोजून घ्या आणि मगच बाथरूमच्या जागा ठरवा.