मोरओव्हर, फर्दरमोअर पाठ करून बँड वाढतो का?

क्लासवाले मोरओव्हर, फर्दरमोअर, इन अ‍ॅडिशन अशी 'शिवाय' अर्थाच्या जोडशब्दांची यादी पाठ करून घेतात आणि दर वाक्याला एक टाका म्हणतात, त्याने आयेल्ट्सला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, बँड (गुणांची पातळी) वाढतो का हा प्रश्न. उलट अडकू शकतो. रायटिंगच्या निकषांत कोहेरन्स अँड कोहीजनला, म्हणजे मुद्द्यांची सुसंगती आणि वाक्यांची जोडणी याला, २५ टक्के वजन आहे हे खरं, पण त्यातच बँड ५ च्या वर्णनात अशा जोडशब्दांचा अतिवापर हा दोष म्हणून दिलाय, आणि ९ ला काय तर जोडणी अशी हवी की ती क्वचितच नजरेत भरावी. मग २५० शब्दांच्या निबंधात सहा-सात मोरओव्हर कशाला कोंबायचे राव.

शिवाय हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतही नाहीत. इन अ‍ॅडिशन टू च्या पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं, म्हणजे इन अ‍ॅडिशन टू वर्किंग, टू वर्क नाही, इथे भलेभले घसरतात. बिसाइड्समध्ये तर नुसती भर नसते, वादात शेवटचा पत्ता टाकल्यासारखा सूर असतो, म्हणून "आय अ‍ॅम टायर्ड. बिसाइड्स, इट्स रेनिंग" बोलताना झकास, ऑफिसच्या रिपोर्टमध्ये विचित्र.

स्पीकिंगला मोरओव्हर नकोच, पुस्तकी वाटतं. ऑल्सो, प्लस, ऑन टॉप ऑफ दॅट एवढ्यावर आरामात भागतं, त्यातलं शेवटचं तर कटकटी सांगताना जास्त शोभतं, ट्रेन लेट, त्यात फोन बंद, असं काही.